खाडीकाठचे पाच दिवस

मे महिना जवळ आला की आमच्या शाळेत दोन तऱ्हेचे पालक भेटायला येतात. एक म्हणतात, "सर, सुट्टीत पोरांना कुठेतरी गुंतवा, मोबाइलने डोळे जायची वेळ आली." दुसरे म्हणतात, "शिबिर वगैरे ठीक आहे, पण पाण्याजवळ नेऊ नका." पुष्कळदा हे दोन्ही पालक एकच असतात. पहिले वाक्य वालिद फोनवरून कुवेतहून बोलतात आणि दुसरे अम्मी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या राहून.

मी दापोली तालुक्यातल्या एका उर्दू हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो आणि गेली अकरा वर्षे शाळेचे स्काऊट पथक सांभाळतो. आमच्या निम्म्या मुलांच्या मागच्या पडवीतून खाडी दिसते. त्यांचे आजोबा जहाजावर होते, पणजोबा गलबतावर. नातवाला मात्र आज भरती किती वाजता लागेल हे विचारले तर तो मोबाइल काढतो, आणि रेंज नसली तर खांदे उडवतो. मासा त्याला ताटात ओळखू येतो, पाण्यात नाही. यात मुलांचा काही दोष नाही. घरचा कर्ता पुरुष दोन-दोन वर्षे परमुलखात असेल तर मुलाला गरी बांधायला शिकवणार कोण? आणि ज्या घरातले कोणी पाण्यात गेले आहे, त्या घरची बाई मुलाला पाण्यापासून लांब ठेवणारच. फक्त एवढेच की खाडी काही लांब जात नाही. ती पडवीच्या मागेच असते, आणि पोर कधीतरी न सांगता तिकडे जातेच. म्हणून आमचे उन्हाळी शिबिर खाडीकाठीच होते.

स्काऊट म्हटले की आपल्या घरांतून काही शंका येतात. त्या मला आता पाठ झाल्या आहेत. "हे इंग्रजांचे ना?" सुरुवात त्यांची, हे खरे. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले. आपल्याकडे सुरुवातीला या चळवळीचे दार हिंदी मुलांना बंद होते, म्हणून इथल्या लोकांनी आपापल्या संघटना काढल्या. ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे काढली, पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी उत्तरेत. स्वातंत्र्यानंतर या सगळ्या वेगवेगळ्या संघटना एकत्र आणण्यात पंतप्रधान नेहरूंबरोबर तेव्हाचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचाही हात होता. 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स ही संघटना उभी राहिली आणि पुढच्या वर्षी गाईड्स तीत आल्या. मौलानांचे नाव घेतले की व्हरांड्यातले निम्मे प्रश्न मिटतात.

उरलेला एक मिटत नाही, तो डाव्या हाताचा. स्काऊट एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. आफ्रिकेतले योद्धे डाव्या हातात ढाल धरत. ज्याच्यावर पूर्ण भरवसा त्याच्यासमोर ढाल खाली ठेवून तो हात पुढे करायचा, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. एका मुलाच्या दादीला मी ही गोष्ट रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ढाल ठेव नाहीतर तलवार ठेव, डाव्या हातानं मुसाफा आमच्या घरात चालायचा नाही." तेव्हापासून आमच्या पथकात आधी उजव्या हाताने सलाम-मुसाफा आणि मग डाव्या हाताचे स्काऊट हस्तांदोलन, असे दोन्ही होते. थोडा वेळ जास्त लागतो, बस्स.

या शिबिराला चोवीस मुले होती, आठ-आठ जणांचे तीन संघ. नावे त्यांनीच ठेवलेली: खंड्या, घार आणि कोल्हा. दोर, गऱ्या, तंगूस आणि शिधा यांचा निम्मा खर्च मुलांनी 'खरी कमाई'तून उभा केला. पावसाळ्याआधी गावात लाकूडफाटा रचून देणे, अंगणातला पाचोळा काढणे, आंब्याच्या पेट्या उचलणे अशी कामे त्यांनी पंधरा दिवस केली. जागा केळशीच्या खाडीला मिळणाऱ्या भारजा नदीच्या काठी, तोंडापासून आत, एका आंब्याच्या कलमी बागेत. बागायतदारांनी आंबा उतरल्यावर बाग वापरायला दिली. जवळच मशीद, विहीर, आणि हाकेच्या अंतरावर वस्ती. अगदी निर्मनुष्य जागी चोवीस पोरे नेण्याची हौस मला नाही.

शिबिराची तारीख मात्र आम्ही शाळेच्या कॅलेंडरवरून ठरवत नाही. ती चांदावरून ठरते, आणि ठरवतात नाखवाचाचा.

नाखवाचाचा हे त्यांचे नाव नव्हे, पण सगळा गाव त्यांना तसेच म्हणतो. पंच्याहत्तरी ओलांडलेले दालदी. तरुणपणी मचवा, मग मालवाहू जहाज, आता खाडीत पाग टाकण्यापुरते पाण्यात जातात. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना वाळूवर बसवून भरतीचा हिशोब शिकवला. तो असा: अमावास्येला आणि पुनवेला आपल्या किनाऱ्यावर भरती साधारण बाराच्या सुमाराला पुरी होते, दुपारी आणि मध्यरात्री. मग रोज ती पाऊण तास पुढे सरकते. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पंधराच्या वर गेले की पंधरा वजा करायचे आणि पुन्हा तेच.

"पण चाचा, आपल्याला तिथी कुठे माहीत असते?" खंड्या संघाच्या नायकाने विचारले.

"तुला चांदाची तारीख माहीत आहे ना? त्यात एक मिळव. चांद दिसतो तेव्हा अमावास्या मागं पडलेली असते."

त्या दिवशी जिल्कादची 7 होती. सात आणि एक आठ, आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाच्या पुढे-मागे खाडी तुडुंब भरली आणि मग पाणी थबकले, तेव्हा मुलांनी चाचांकडे असे पाहिले की जणू पाणी त्यांनीच थांबवले. मी भूगोलाच्या तासाला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी फळ्यावर काढून हेच शिकवतो. तेव्हा कोणी असे पाहत नाही. हिशोब ढोबळ आहे, अर्ध्या तासाची चूक त्यात राहू शकते, म्हणून छापील भरतीचे वेळापत्रकही माझ्या खिशात असते. पण मोबाइल बंद पडल्यावरही डोक्यात शिल्लक राहील असा हिशोब मुलाला हवाच.

सातवी-आठवी निवडण्याचे कारण 'भांग'. अमावास्या-पुनवेला उधाण असते. पाणी खूप चढते, खूप उतरते, म्हणून जोरात वाहते. सप्तमी-अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, ओढ कमी. शिकाऊ मुलांना खाडीवर न्यायचे तर भांगातच न्यावे. आमचे सणवार, रोजे, ईद सगळे चांदावर, आणि हाच चांद पाणी हलवतो, ही गोष्ट घरात रोज चांदाची तारीख घेणाऱ्या कितीतरी मुलांना इथे पहिल्यांदा कळते.

आता त्या मुलाबद्दल सांगतो, ज्याला पथक पुढे 'घड्याळवाला' म्हणू लागले. आठवीतला, कोल्हा संघातला. त्याच्या अम्मी शिबिराच्या आठवडाभर आधी आल्या. त्यांचा भाऊ, म्हणजे मुलाचे मामू, चौदा वर्षांपूर्वी याच खाडीत बुडाले. मुलाने शिबिरासाठी दोन दिवस जेवण टाकले होते म्हणून त्या आल्या होत्या, नाहीतर आल्याच नसत्या. म्हणाल्या, "सर, नेऊ द्या त्याला. पण पाण्यात पाऊल घालायचं नाही. घोट्यापर्यंतसुद्धा नाही. जबान द्या." मी दिली. त्यांनी ती पुन्हा एकदा मुलासमोर वदवून घेतली.

चोवीसांत एकटा काठावर बसवून ठेवणे म्हणजे शिक्षाच. म्हणून त्याला मी भरतीची काठी दिली. बांबूवर वीत-वीत अंतरावर खुणा करून तो काठाशी रोवला आणि वही, पेन, घड्याळ, शिट्टी त्याच्या हवाली केली. दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठल्या खुणेवर आहे ते लिहायचे. पहिल्या दिवशी तो हिरमुसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने नाखवाचाचांना वही दाखवली आणि विचारले, "पाणी सारखं का चढत नाही? आधी हळू, मग एकदम जोरात, मग परत हळू." चाचा खूश झाले. म्हणाले, "सहा तासांत पाण्याचे बारा वाटे कर. पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. चढताना तसंच, उतरताना तसंच. मधले दोन तास सांभाळायचे." तेव्हापासून तो काठी सोडून जेवायलाही उठेना, ताट तिकडे न्यावे लागे.

दिवसाची घडी साधी होती. पहाटे अंधारात शिट्टी, विहिरीवर वझू, फजरची जमाअत, मग चहा आणि तांदळाची भाकरी. वझूसाठी एकेकाला एकच तांब्या. वाहत्या नदीकाठी असलात तरी वझूचे पाणी वाया घालवू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मुलांना पाठ होती, पण विहिरीतून स्वतः बादली ओढल्याशिवाय ती अंगात उतरत नाही. तिसऱ्या दिवशी तर निम्मे तांबे उरू लागले. तंबू, खड्डे, गाठी, चुली यांचे वर्णन करत बसत नाही, ते सगळ्या शिबिरांत सारखेच असते. एवढेच सांगतो की भात पहिल्या दिवशी करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला आणि चौथ्या दिवशी घार संघाने असा शिजवला की घरी येऊन अम्मीच्या भाताला नावे ठेवली. या शेवटच्या गोष्टीची तक्रार माझ्याकडे आली.

गरवायला आम्ही असरनंतर बसायचो, भरतीच्या पाण्यावर. गऱ्या लहान, आणि त्यांचे उलटे टोक पकडीने दाबून सपाट केलेले. त्याने मासा निसटतो म्हणून मुले कुरकुरतात, पण नको असलेला मासा जखम न करता सोडता येतो आणि बोटात गरी रुतली तर ती सरळ बाहेर येते. आमिष कोळंबीचे, बोयसाठी पिठाची गोळी. नियम दोनच होते. वीतभरापेक्षा लहान मासा परत, आणि खाण्यापुरते झाले की गऱ्या गुंडाळायच्या. पहिल्या संध्याकाळी चोवीस मुलांना मिळून सात मासे मिळाले: चार काळुंदर, दोन शिंगाळे आणि एक तांब. तांब वीतभराहून बोटभर कमी होती. जिच्या गरीला ती लागली त्या मुलाने ती सोडताना अशी सोडली की मला वाटले आता हाही मागोमाग उडी घेणार.

रात्री शेकोटीजवळ त्याच मुलाने प्रश्न केला. स्काऊटच्या नियमांत प्राण्यांचा मित्र असण्याची गोष्ट आहे, मग आपण मासे कसे मारतो? मी म्हटले, प्रश्न चांगला आहे, आणि तो घाईने मिटवू नका. समुद्रातली शिकार अल्लाहने आपल्यासाठी हलाल केली, इहराममधल्या माणसालाही तिची मनाई नाही, हे कुरआनात आहे. पण हलाल आहे म्हणून हवे तेवढे ओरबाडायचे, असा त्याचा अर्थ कोणत्या आलिमने सांगितलेला मला माहीत नाही. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते ती मासे अंड्यांवर असतात म्हणून. पहिल्या पावसात ओढ्या-वहाळांतून वर चढणारे 'चढणीचे' मासे गावोगाव लोक पाट्या भरभरून मारतात, तेही अंडी घालायलाच निघालेले असतात. नाखवाचाचा मध्येच म्हणाले, "आमच्या लहानपणी या काठाला जिताडा गरीला लागायचा. आता पोरं विचारतात, जिताडा म्हणजे काय." पुढे ते काही बोलले नाहीत. मुलेही गप्प झाली.

शुक्रवारी गावच्या मशिदीत जुम्मा झाला. नमाजीनंतर गावकऱ्यांनी मुलांना अडवून सांदण आणि आंब्याचा रस खाऊ घातला. परत आल्यावर त्याच सुस्तीत एका मुलाने गरीला लागलेला शिंगाळा उघड्या हाताने धरला. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे असतात, आणि ते विषारी असतात. पोराने अशी किंकाळी फोडली की वस्तीतले कुत्रे भुंकू लागले. यावर घरोघरी वेगवेगळे उपाय करतात, कोणी चुना लावतात, कोणी तंबाखू. खरा उपयोग गरम पाण्याचा. काटा मोडून आत राहिलेला नाही हे पाहायचे, जखम धुवायची आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा. पाण्याचा गरमपणा आधी चांगल्या हाताने तपासायचा, नाहीतर भाजते. माशाचे विष उष्णतेने निकामी होते. मगरिबपर्यंत पोरगा हसायला लागला. सूज वाढली किंवा ताप आला तर मात्र दवाखाना गाठावा. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खबरदारी म्हणून दाखवून आणले.

त्याच रात्री चिंबोऱ्यांवरून मजा झाली. चाचांनी टोपलीभर चिंबोऱ्या आणल्या होत्या. आम्ही कोकणी शाफई, आमच्याकडे चिंबोरी, कालवे, तिसऱ्या सगळे चालते. पण पथकात तीन मुले घाटावरून बदलून आलेल्या हनफी कुटुंबांतली. त्यांच्याकडे समुद्रातला फक्त मासाच खातात. एक मुलगा चिंबोरीकडे असा बघत होता की ती आपल्यालाच खाईल. कोणीतरी त्याला चिडवायला लागले, तेव्हा आमच्या संघनायकाने, वय वर्षे चौदा, ठणकावले, "इमाम दोघांचे, चूल एक. त्याच्यासाठी वेगळ्या तव्यावर काळुंदर भाजा." मला बोलावेच लागले नाही. मोठ्यांच्या सभांतून हा वाद मी तासन् तास चाललेला ऐकला आहे.

तिसऱ्या दिवशी जे झाले ते सांगायला हवे.

जिल्कादची 9. ओहोटी पावणेदोनच्या सुमाराला पुरी होणार होती. जुहरची जमाअत करून सव्वा वाजता आम्ही पुळणीवर तिसऱ्या काढायला उतरलो. जोड्या ठरलेल्या, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, हातात स्काऊटची काठी. अडीच वाजता परत फिरायचे. त्याआधी पाणी काठीच्या ठरलेल्या खुणेला लागले तर घड्याळवाला तीन लांब शिट्ट्या देणार. दोन वाजून वीस मिनिटांनी त्याने शिट्ट्या दिल्या. सगळे फिरले. काठावर जोड्या मोजल्या तर अकरा भरल्या, घड्याळवाला आणि त्याचा जोडीदार काठावरच होते म्हणून ते अकरातच धरलेले. बाराव्या जोडीची शिट्टी खारफुटीच्या बाजूने येत होती.

वाट कमी करायला म्हणून ते दोघे एका चराच्या कडेने आले होते आणि एक जण मांडीपर्यंत गाळात रुतला होता. त्याच्या जोडीदाराने, सातवीतल्या पोराने, शिकवलेले तंतोतंत केले होते. जवळ जाऊन ओढाओढ केली नाही, कडक वाळूवर उभा राहून शिट्टी वाजवत राहिला. गाळात रुतलेल्याला सरळ वर ओढले तर गाळ त्याला घट्ट धरतो आणि ओढणाराही आत जातो. त्याला मागे रेलून बसवायचे, अंगाखाली रुंद काहीतरी घालायचे, म्हणजे वजन पसरते. आणि पाय थोडा थोडा हलवत राहायचे, म्हणजे पायाभोवती पाणी शिरून पकड सैल होते. वेळ लागतो. आणि वेळ किती आहे, हा प्रश्न होता.

तो प्रश्न मला विचारावा लागला नाही. काठावरून आवाज आला, "सर, ओहोटी पावणेदोनला संपली. पहिल्या तासाचा एकच वाटा आहे. पावणेतीनपर्यंत पाणी चार बोटंसुद्धा चढणार नाही!" मी त्याच्याकडे पाहिले. तो पाण्याच्या रेषेवर, वहीत बोट घालून उभा होता. दर पाच मिनिटांनी तो खूण वाचून ओरडत होता. चाचा आणि मी स्काऊटच्या काठ्या आडव्या-उभ्या टाकल्या, पण त्या गाळात जाऊ लागल्या. झावळ्या हव्या होत्या. बागेच्या कुंपणाशी त्यांचा ढीग होता. घड्याळवाल्याने त्या एकेक ओढत पाण्याच्या कडेपर्यंत आणल्या आणि तिथे थांबला. तिथून आमच्यापर्यंत मध्ये वीतभर पाणी होते. दुसऱ्या मुलांनी त्या त्याच्या हातून घेऊन आत पोचवल्या. त्याचे पाय कोरडे होते. झावळ्यांवर काठ्या, त्यावर मुलगा रेललेला, काखेतून न आवळणारी गाठ मारलेला दोर. एक पाय सुटला, मग पाच-सात मिनिटांनी दुसरा. चप्पल खाडीने ठेवून घेतली. दोन पन्नास झाले होते.

काठावर आल्यावर रुतलेला मुलगा रडला नाही. जोडीदार रडला. नाखवाचाचांनी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "उधाणाचा दिवस असता ना सर, तर ही गोष्ट वेगळी झाली असती." हे वाक्य घड्याळवाल्याने ऐकले.

रात्री सगळे झोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "सर, झावळ्या घ्यायला कोणीच नसतं, तर मी पाण्यात उतरायला हवं होतं का?" मी म्हटले, तुझी जागा काठावर होती, ती तू सांभाळलीस, म्हणून बाकीच्यांना आपापली सांभाळता आली. त्याला हे उत्तर पुरे वाटले नाही. मलाही वाटले नव्हते.

शेवटच्या दिवशी पालक येतात, मुलांच्या हातचे जेवतात आणि मुलांना घेऊन जातात. घड्याळवाल्याच्या अम्मी आल्या त्या खाडीकडे पाठ करून बसल्या. घडलेला प्रकार मी सगळ्या पालकांसमोर आधीच सांगितला होता. लपवून काही शिबिर चालत नाही. मुलाने त्यांना वही दाखवायला घेतली. चांदाची तारीख, त्यात एक, त्याची पाऊणपट. त्या ऐकत होत्या की नव्हत्या, कळत नव्हते. मग एकदम म्हणाल्या, "शाबानच्या पंधराव्याला किती वाजता?"

मुलाने बोटांवर मोजले. पंधरा आणि एक सोळा, त्यातून पंधरा गेले, राहिला एक. "पाऊण वाजता दुपारी भरती पुरी. उधाण."

"मग उतरायला लागणार."

"हो. पावणेतीन ते पावणेपाच सगळ्यात जोरात उतरणार. मधले दोन तास."

त्या बऱ्याच वेळाने बोलल्या. माझ्याकडे न बघता, समोरच्या ताटाकडे बघत. "शबे-बरातच्या दुसऱ्या दिवशी गेला तो. रोजा होता. असरच्या अजानीला थोडा वेळ होता. होडीची दोरी सुटली म्हणून धरायला उतरला. चौदा वर्षं लोक म्हणतात, पोहायला कच्चा होता. तो कच्चा नव्हता, सर."

नाखवाचाचा बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "बेटी, त्या पाण्याला मीसुद्धा पुरलो नसतो."

त्यानंतर त्यांनी मुलाकडून बाराही वाटे पुन्हा एकदा समजावून घेतले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आम्ही गावच्या तलावाच्या पायऱ्यांवर दर रविवारी पोहण्याचा वर्ग सुरू केला. कमरेला दोर, पाठीला हवाबंद डबा, जुनीच पद्धत. नऊ मुले आली. दुसऱ्या रविवारी दहावा आला, अम्मीबरोबर. त्या वरच्या पायरीवर बसल्या आणि पूर्ण वेळ त्यांनी दोराचे दुसरे टोक स्वतःच्या हातात धरून ठेवले. आम्ही कोणी ते मागितले नाही. त्यांच्या धाकट्या मुलीने मला विचारले की मुलींचे गाईड पथक आपल्या शाळेत का नाही. त्यासाठी शिक्षिका तयार झाल्या आहेत, पालकांच्या सह्या गोळा करणे चालू आहे.

परवा घड्याळवाल्याने माझ्या टेबलावर एक चिठ्ठी आणून ठेवली. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या चांदाच्या तारखा, प्रत्येकीसमोर भरतीची वेळ, आणि 22 तारखेभोवती लाल गोल. बावीस आणि एक तेवीस, उरले आठ, भरती सहाला. हिशोब मी तपासला, बरोबर आहे. फक्त त्या आठवड्यात गावात दोन लग्ने आहेत, तेव्हा बाग मिळते का ते आधी विचारावे लागेल.